ठेकेदारी सुरू करताना नेमक्या कोणत्या नोंदण्या आवश्यक आहेत?

कृष्णाकाठ:
मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून, गेली काही वर्षे साताऱ्यात एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून काम करीत आहे. आता स्वतःच्या नावाने कामे घेण्याचा विचार आहे. सुरुवातीला खासगी बंगले आणि दुरुस्तीची कामे, आणि जमल्यास पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाची लहान कामे, असा साधारण क्रम मनात आहे. एका एजंटाने 'रेरा, महापालिका, कामगार खाते, उद्यम, सगळे मिळून पॅकेज' असे सांगून बरीच मोठी रक्कम मागितली, आणि रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणीशिवाय ठेकेदाराला वीटही रचता येत नाही, असे ठामपणे सांगितले. यात कितपत तथ्य आहे? शिवाय ओळखीचे एक जागामालक आपल्या ४५० चौरस मीटरच्या प्लॉटवर दहा सदनिका बांधून विकू इच्छितात. ते काम मी घेतल्यास माझी कायदेशीर बाजू कोणती ठरेल?

आराखडा:
एजंटाचे विधान चुकीचे आहे. महाराष्ट्रात 'ठेकेदार' म्हणून सरसकट घ्यावी लागेल अशी एकच नोंदणी अस्तित्वात नाही. आपण नकाशावर सही करता का, मजूर किती ठेवता, बिल कोणाला देता आणि सदनिका विकता का, यावरून नोंदण्या ठरतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणी होते ती विक्रीसाठीच्या प्रकल्पाची, आणि ती करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे इमारत बांधून विकणाऱ्याची, असते. व्यक्तीने स्वतः नोंदणी करायची ती सदनिकांची खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्या एजंटाने. दुसऱ्याच्या जागेवर ठरलेल्या दराने बंगला बांधून देणाऱ्याचा महारेराशी, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाशी, संबंध येत नाही.

दहा सदनिकांच्या कामाबाबत मात्र बारकाईने विचार करावा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. या दोन अटींपैकी एक पूर्ण झाली तरी पुरते, असे महारेराने स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे ४५० चौरस मीटरचा प्लॉट सदनिका दहा असूनही नोंदणीतून सुटतो. परंतु नोंदणीतून सूट मिळाली म्हणून ग्राहकाविषयीची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्राचा १९६३ चा मोफा, म्हणजे सदनिका मालकीविषयीचा, कायदा अशा इमारतींना लागू असून, किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदवावा लागतो.

आपल्या भूमिकेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१६ च्या कायद्यातील प्रवर्तकाच्या व्याख्येत विक्रीसाठीच्या इमारतीचा बिल्डर किंवा ठेकेदार म्हणून स्वतः वागणारी, तसेच जागामालकाचे कुलमुखत्यारपत्र आपल्याकडे असल्याचे सांगणारी व्यक्तीही येते. म्हणून आपला मोबदला चौरस फुटाच्या दराने ठरवावा, मालकाकडून कुलमुखत्यारपत्र घेऊ नये, आणि मोबदल्यापोटी 'दोन फ्लॅट तुमचे' असा व्यवहार तर मुळीच करू नये. हा प्लॉट सुटला तरी पुढचा, मोठा प्लॉट सुटेलच असे नाही, आणि नोंदणीपात्र प्रकल्प नोंदणीविना विकल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशांविषयी सांगायचे तर, 'वास्तुविशारद' हे बिरुद १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नोंद असलेल्यांनाच लावता येते. हे बंधन उपाधीपुरते आहे, वास्तुरचनेचे काम करण्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय नोंदणी कायदाच नसल्यामुळे त्यांचे परवाने नियोजन प्राधिकरणे देतात. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत परवानाधारक अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता स्वतंत्रपणे दिलेली आहे. आपल्याला पदविका आणि अनुभव यांच्या आधारे पर्यवेक्षकाचा परवाना मिळू शकेल, मात्र त्यावर कोणत्या आकाराच्या इमारतीचे नकाशे सादर करता येतात यालाही मर्यादा आहे. केवळ बांधकामच करणार असाल, तर या परवान्याचीही गरज नाही.

मोजमापवही:
वरील उत्तराला पूरक म्हणून कर आणि कामगार या बाजू मांडतो, कारण नवीन ठेकेदार बहुधा तेथेच अडखळतो.

साहित्यासह बांधकाम हे जीएसटीच्या दृष्टीने सेवा मानले जाते, म्हणून नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये आहे. ४० लाखांची मर्यादा फक्त मालाच्या विक्रीसाठी असताना, 'वाळू-सिमेंट मीच पुरवतो, म्हणजे माझी मर्यादा ४० लाख' असे म्हणणारे अनेक जण भेटतात. संकुलाचा भाग नसलेल्या एकट्या घराचे निव्वळ मजुरीचे काम मात्र करमुक्त आहे. व्यवसाय कराची (वार्षिक २,५०० रुपये) नोंदणी सुरुवातीलाच करून घ्यावी. लहान कार्यालयासाठी दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची केंद्रीय नोंदणी, आधारवर मोफत होते, त्यामुळे एजंटाने तिचे पैसे मागितले असतील तर ते देऊ नयेत.

कोणत्याही दिवशी साइटवर दहा किंवा अधिक कामगार असतील, तर आस्थापनेची नोंदणी साठ दिवसांत करावी लागते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही हाच आकडा होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही तो कायम आहे. स्लॅबच्या दिवशी मिक्सर, सेंट्रिंग आणि लोखंडकाम मिळून दहाचा आकडा सहज ओलांडला जातो, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर नकाशा मंजुरीच्या वेळी भरला गेला म्हणजे नोंदणीही झाली, असा आणखी एक गैरसमज आहे. उपकर आणि नोंदणी या स्वतंत्र बाबी आहेत. ठेका पद्धतीवरील कामगार पन्नास झाले, की वेगळा परवाना लागतो. आपल्या मजुरांना वर्षातील नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला वेळेवर देत चला, कारण त्याशिवाय बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी होत नाही, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंतचे लाभ त्यावरच अवलंबून असतात.

कृष्णाकाठ:
दोन्ही उत्तरे अत्यंत उपयुक्त आहेत. दहा सदनिकांचे काम दराच्या लेखी करारानेच घेईन. एकच प्रश्न उरतो. सरकारी कामांसाठी उद्यम प्रमाणपत्र आणि जीएसटी पुरेसे आहेत का? उद्यममुळे बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होते, असेही ऐकले आहे.

मोजमापवही:
पुरेसे नाहीत. बयाणा रकमेतील ती सवलत केंद्राच्या खरेदी धोरणातील असून ती वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या ठेक्यांना ती लागू होत नाही, म्हणून प्रत्येक निविदेच्या अटी वाचूनच रकमेची तजवीज ठेवावी. सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते आणि वर्गानुसार किती रकमेपर्यंतची कामे घेता येतील हे ठरते. त्यासाठी बँकेचे पतदारी (आर्थिक क्षमतेचे) प्रमाणपत्र, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले आणि यंत्रसामग्रीचा तपशील मागितला जातो. आपण पदविकाधारक असल्याने 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' या प्रवर्गातून नोंदणी करणे अधिक सोयीचे ठरेल, कारण लहान कामांतील काही हिस्सा या प्रवर्गासाठी राखीव असून त्याचे वाटप काम वाटप समितीमार्फत होते. मात्र आपण कोठेही नोकरीत नाही, असे शपथपत्र द्यावे लागते. त्यामुळे सध्याच्या ठेकेदाराकडून कार्यमुक्तीचे पत्र घेतल्यावरच अर्ज करावा. महाटेंडर्स या शासकीय निविदांच्या संकेतस्थळासाठी डिजिटल स्वाक्षरी काढून ठेवावी. अडीच लाखांवरील करारात विभाग जीएसटीचे दोन टक्के बिलातून कापून घेतो आणि ती रक्कम आपल्या इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीत जमा होते, तेव्हा दर भरताना खेळत्या भांडवलाचा हिशेब तेवढा वाढवून धरावा.

आराखडा:
एक पुरवणी. विजेचे काम आपल्या करारात घेतलेत, तर ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे आणि त्याचा परवाना क्रमांक उपकरारात लिहून घ्यावा. स्थापत्य पदविका त्या कामासाठी ग्राह्य धरली जात नाही, आणि मीटर जोडणीच्या वेळी चाचणी अहवालावर त्याचीच सही लागते.