रेड कार्डवर दोन डिस्क एकदम गेल्या, "फॉरेन कॉन्फिगरेशन" म्हणतंय, एफ दाबू का?

फ्रेमवाला:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. इचलकरंजीत लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. एडिटिंगच्या पीसीला एलएसआय कंपनीचं ९२६०-८आय रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) लावलंय, सेकंडहँड घेतलेलं, त्यावर ४ टीबीच्या चार साध्या डेस्कटॉप डिस्क रेड ५ मध्ये आहेत, विंडोज वेगळ्या एसएसडीवर. काल रात्री वादळात लाईट गेली, यूपीएसनं दोन मिनिटंसुद्धा दम धरला नाही, आणि सकाळी चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर येतंय की फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलंय, सी दाबून सेटिंगमध्ये जा नाहीतर एफ दाबून इम्पोर्ट करा. सी दाबून बघितलं, पोर्ट ० आणि १ व्यवस्थित, २ आणि ३ पुढं "अनकॉन्फिगर्ड बॅड", व्हर्च्युअल ड्राइव्ह (चारही डिस्क मिळून दिसणारा तो एक ड्राइव्ह) ऑफलाइन. या सीझनची ११ लग्नं आहेत त्यात, चार पार्ट्यांना अजून काहीच दिलेलं नाही. एका दुकानदाराला फोन केला तर म्हणाला नवीन कॉन्फिगरेशन करून इनिशियलाइज मारा, नीट होतंय. मारू का?

सर्व्हरतात्या:
मारू नका!! इनिशियलाइज म्हणजे सातबारा कोरा. फास्ट इनिशियलाइज सुरुवातीचा आणि शेवटचा भाग पुसतं, फुल मारलं तर सगळंच. आणि "क्लिअर फॉरेन" (फॉरेन म्हणजे डिस्कवर लिहिलेली, पण कार्डला आपली न वाटणारी मांडणी) हे बटण दिसलं तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका, अ‍ॅरेत म्हणजे चार डिस्कच्या जुळणीत कोणती डिस्क कुठे होती ही माहिती प्रत्येक डिस्कच्या शेवटी लिहिलेली असते, क्लिअर म्हणजे तीच पुसणं.

आता महत्त्वाचं. रेड ५ एक डिस्क गेली तरी चालतं, दोन गेल्या की थांबतं. मग प्रश्न हा की दोन्ही काल रात्रीच गेल्या, की एक आधीच गेली होती आणि तुम्हाला पत्ताच नव्हता? दोन्ही एकाच क्षणी पडल्या असतील तर इम्पोर्ट केल्यावर बहुतेक वेळा अख्खा अ‍ॅरे जसाच्या तसा उठतो. पण एक जर दोन महिन्यांपूर्वी पडली असेल तर तिच्यावर दोन महिन्यांपूर्वीचा डेटा आहे, शिळा. तिला कुणी जबरदस्तीनं "मेक ऑनलाइन" केलं तर शिळं आणि ताजं एकत्र कालवलं जातं, आणि वरून विंडोजनं चेकडिस्क (ड्राइव्ह तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवली की खिचडी पक्की. कार्डच्या स्वतःच्या मेमरीत इव्हेंट लॉग असतो, सेटिंगमध्ये "इव्हेंट्स" बघा किंवा विंडोजमधून मेगारेड स्टोरेज मॅनेजर उघडा. कोण कधी पडलं ते इथे टाका, तोवर हात बांधून बसा.

कोथरूडकर:
बॅकअप नाही का? रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे दर आठवड्याला कुणीतरी लिहितंच.

फ्रेमवाला:
@कोथरूडकर माहितीय हो, बॅकअप असता तर सकाळपासून उपाशी बसून हे टाइप करत बसलो नसतो.

@तात्या लॉग बघितला. पोर्ट ३ काल रात्री ११:५२ ला पडलीय. आणि पोर्ट २... ९ एप्रिलला. दोन महिने झाले 😐 आता आठवतंय, तेव्हा पीसी एकसारखा पीं पीं करत होता, मी शूटला निघालो होतो, भाच्याला म्हटलं बघ रे ते काय कोकलतंय. त्यानं बघितलं, अलार्म डिसेबल केला, आणि मला फोन करून सांगितलं "मामा, झालं नीट".

केबलकाका:
😂😂 भाच्याला आमच्या ऑफिसात पाठवा, आमच्याकडे पण सगळे असेच आहेत.

सिरियसली, इम्पोर्टच्या आधी केबल बघून घ्या. या कार्डला एका कनेक्टरमधून चार शेपट्या निघणारी केबल असते, तिची ती शेवटची साटाची (डिस्कला लागणारी) टोकं लई हलकी बसतात, साइड पॅनल लावताना दाबली गेली की झालं. दुसरं पॉवर. एकाच वायरवर स्प्लिटर लावून चार डिस्क चालवताय का? २ आणि ३ एकाच स्प्लिटरवर निघाल्या तर डिस्क बिचाऱ्या चांगल्या असतील, माझ्याकडे तीन वेळा असंच निघालंय, डिस्क बदलून बदलून थकलो आणि शेवटी दीडशे रुपयांची वायर. पण आता टोकं अदलाबदल करायच्या आधी प्रत्येक डिस्कवर पोर्ट नंबरची चिकटपट्टी लावा, नंतर आठवत नाही.

आणि कार्डच्या हीटसिंकला हात लावून बघा. ही कार्डं सर्व्हरच्या वादळी पंख्यांसाठी बनवलेली, साध्या कॅबिनेटमध्ये एक छोटा फॅन समोर नसला तर भाजून निघतात आणि मग डिस्क सोडायला लागतात.

सर्व्हरतात्या:
९ एप्रिल. म्हणजे पोर्ट २ शिळी, पोर्ट ३ ताजी. पीसी बंद करा, पोर्ट २ ची डेटा आणि पॉवर दोन्ही काढून बाजूला ठेवा. कार्डला सहसा स्वतःला कळतं कुठली आधी पडली आणि ते तिला रिबिल्डला (बाकीच्या डिस्कवरून तिचा डेटा परत लिहायला) लावतं, पण ११ लग्नं असताना "सहसा"वर सोडू नये, शिवाय आत्ताच रिबिल्ड सुरू झालेलं मला नकोय. केबल नीट बसवून चालू करा, पोर्ट ३ ला "मेक अनकॉन्फ गुड" करा, फॉरेन स्कॅन करा आणि आधी प्रिव्ह्यू बघा. त्यात तुमचा व्हर्च्युअल ड्राइव्ह "डिग्रेडेड" म्हणून दिसला पाहिजे, एक डिस्क मिसिंग. तसं दिसलं तरच इम्पोर्ट. काही वेगळं दिसलं तर थांबा आणि फोटो टाका. विंडोज सुरू होताना चेकडिस्क विचारेल, त्याला नाही म्हणा.

फ्रेमवाला:
उठला!!! तात्या तुमचे पाय कुठायत. प्रिव्ह्यूत डिग्रेडेडच दिसलं, इम्पोर्ट केलं, ड्राइव्ह आला, सगळे फोल्डर दिसतायत, काल रात्री सेव्ह केलेलं हळदीचं टाइमलाइनपण उघडलं. एक रेंडर अर्धवट आहे फक्त, ते परत मारता येईल. काका, तुमचं पण बरोबर, २ आणि ३ एकाच स्प्लिटरवर होत्या आणि त्याची एक पिन काळी पडलेली.

आता पोर्ट २ लावून रिबिल्ड टाकू ना?

सर्व्हरतात्या:
नाही! आधी कॉपी. मित्राची, पाहुण्याची, कुणाचीही एक्स्टर्नल डिस्क आणा. रिबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा) शेवटपर्यंत वाचल्या जातात, म्हणजे १२ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्य इतके बिट वाचल्यावर एखादा सेक्टर वाचता न येणं धरून चाला, त्याचे होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या निघतात, पण आत्ता तुमच्याकडे पॅरिटीची (गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या जास्तीच्या माहितीची) उशी शिल्लक नाही. नुसतं कॉपी केलं तर निदान भरलेलाच भाग वाचला जातो, आणि तोही चार न दिलेल्या लग्नांपासून सुरू करा.

बाय द वे, गेले काही महिने कॉपी स्लो वाटत होती का?

फ्रेमवाला:
हो! लिहिताना सेकंदाला ३० एमबीच्या वर जातच नव्हतं, मला वाटलं डिस्क भरत आलीय म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

सर्व्हरतात्या:
सेकंडहँड कार्ड म्हणजे बॅटरी मेलेली असणार. बॅटरी ठीक असली की कार्ड लिहायचा डेटा आधी स्वतःच्या ५१२ एमबी मेमरीत घेतं आणि विंडोजला "झालं" सांगून मोकळं होतं, ते राइट बॅक. बॅटरी गेली की आपोआप राइट थ्रू, डिस्कवर उतरल्याशिवाय झालं म्हणत नाही, रेड ५ मध्ये ते रडतखडतच चालतं. गंमत बघा, काल त्यानंच तुम्हाला वाचवलं. कुणी यूट्यूब बघून "बॅटरी नसली तरी राइट बॅक" करून ठेवलं असतं तर लाईट गेली तेव्हा त्या मेमरीत होतं ते सगळं हवेत. तर स्पीडसाठी ते सेटिंग बदलू नका, बॅटरी बदला. आणि यूपीएसचीही.

बिनपगारी_अ‍ॅडमिन:
एक राहिलं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर अडकली की मिनिटभरसुद्धा तिथंच घुटमळते, घरच्या पीसीत ते चालतं, रेड कार्ड मात्र तेवढं थांबत नाही, ही मेली समजून बाहेर काढतं. नासच्या (नेटवर्कवरच्या, सतत चालू राहणाऱ्या स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्क ७ सेकंदात हात वर करून एरर देतात, मग कार्ड पॅरिटीवरून तो सेक्टर भरून काढतं. त्यामुळे तुमची पोर्ट २ वाली कदाचित मेलेलीच नाही, दुसऱ्या पीसीला लावून स्मार्ट रिपोर्ट (डिस्कनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा, पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले, संशयित) किती आहेत ते. पण परत अ‍ॅरेत घालू नका, नासवाली आणा, आणि घेताना एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला हळू) नाही ना ते मॉडेल नंबरवरून तपासा, नाहीतर रिबिल्ड दिवसेंदिवस चालेल. कार्डमध्ये पेट्रोल रीड चालू आहे का तेही बघा, ते स्वतःहून सेक्टर चाळत राहतं, अशा गोष्टी आधी कळतात.

फ्रेमवाला:
अपडेट. साडेसहा टीबी कॉपी झालं, १३ तास लागले, जयसिंगपूरच्या एका मित्राची डिस्क आणली. तीन क्लिप वाचल्या गेल्या नाहीत, त्या नशिबानं कॅमेऱ्याच्या कार्डात अजून आहेत. पोर्ट २ मध्ये ४८ पेंडिंग सेक्टर निघाले, ती आता गाणी ऐकायला. नवीन नासवाली टाकलीय, स्प्लिटर फेकला, रिबिल्ड ४१ टक्के. अलार्म परत चालू केलाय, रिबिल्ड संपेपर्यंत मधनंमधनं ओरडतोय, बायको म्हणतेय बंद करा, भाचा म्हणतोय मी करू का.