जुन्या डॉक्टरांचा अनुभव म्हणजे अंदाजपंचे? अजिबात पटत नाही

गिरणाकाठ : काल इथे कोणीतरी लिहिलं की जुने डॉक्टर आठवणीवर औषध देतात, रिपोर्ट नसेल तर विश्वास ठेवू नका. वाचून डोकं फिरलं. माझा चुलतभाऊ पावसाळ्यात खळ्यात खाली झोपलेला, पहाटे पोटात कळा आणि उलटी. नव्या डॉक्टरने ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकच विचारलं, रात्री कुठे झोपला होता? मग वर बघ म्हणाले, तर पापण्या उचलेनात. मण्यार साप चावलाय, दाताची खूण दिसणारच नाही, आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या. सापाची लस, व्हेंटिलेटर, आणि वाचला. त्यांच्या हातून असाच एक पोरगा आधी गेला होता, तो ते विसरले नव्हते. सांगा, कोणत्या रिपोर्टात आलं असतं हे?

केळीवाला_रावेर : काय भो, एक वाचला म्हणून सगळे देव का? आमच्या अनुभवी डॉक्टरने आईला तीन आठवडे टायफॉइड टायफॉइड करत सलाईन लावली आणि निघाला टीबी. ते अजून समजत असतील बाई बरी झाली, कारण आम्ही परत गेलोच नाही. ज्याला गुण येत नाही तो दुसरा दवाखाना धरतो, डॉक्टरच्या आठवणीत राहतात फक्त बरे झालेले.

गिरणाकाठ : टायफॉइड कशावरून सांगितला? विडालच्या रक्ततपासणीवरूनच ना? मग तो रिपोर्टच झाला की!

शहादेकर : विडालचं नाव काढू नका. साधा ताप असला तरी विडाल, आणि डॉक्टरला लॅबवाल्याकडून कट, म्हणजे कमिशन. त्यावर बोला आधी.

केळीवाला_रावेर : कट जुनेच जास्त घेतात.

शहादेकर : पुरावा द्या नाहीतर गप्प बसा. माझा भाऊ लॅब चालवतो, नवेच जास्त मागतात.

सिस्टर_सातपुडा : कटावरून भांडताय, मूळ मुद्दा राहिला. आमच्याकडे पोरांचे हातपाय ठणकतात, नवीन डॉक्टर वात समजतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो, पण समोर रडणारं पोर बघून तो आठवायला चार-सहा पेशंट बघावे लागतात. तेवढ्यात सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड संपतो, डॉक्टर जातात, पुढचा पुन्हा पहिल्यापासून. एक मॅडम होत्या, पुढे पाठवलेल्या प्रत्येक पेशंटचं काय झालं ते फोन करून विचारायच्या आणि वहीत लिहायच्या, चुकलेलंसुद्धा. ती वही आम्ही अजून उघडतो.

केळीवाला_रावेर : वही ठेवत असतील तर मानतो ताई. नुसत्या पांढऱ्या केसांना नाही मानणार. आणि शहादेकर, भावाला विचारा, पाकीट कोण पोचवतं ते.