मदत हवी आहे: कोंबड्याचंही एक झेड गुणसूत्र बंद होतं का?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. परवा वर्गात माझ्याकडून बहुतेक चुकीचं उत्तर गेलंय.

मांजरीवरून सुरुवात झाली. सस्तन मादीत लिंग ठरवणारी दोन एक्स गुणसूत्रं, नरात एक. मग मादीत त्यावरच्या जनुकांचं दुप्पट उत्पादन होऊ नये म्हणून गर्भातच प्रत्येक पेशी एक एक्स गुंडाळून बंद ठेवते. कोणता, ते त्या पेशीचं नशीब. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. आमच्या गल्लीतली तिरंगी मांजर उदाहरणाला घेतली: काळ्या ठिगळात एक एक्स चालू, शेजारच्या केशरी ठिगळात दुसरा. पांढऱ्याचं जनुक वेगळं.

तेवढ्यात नान्नजहून येणारी एक मुलगी उठली. (नान्नज म्हटलं की सगळ्यांना माळढोक आठवतो, हिच्या घरी मात्र कोंबड्या.) "मॅडम, पक्ष्यांत उलटं ना? कोंबडा झेड-झेड, कोंबडी झेड-डब्ल्यू. मग कोंबड्याचा एक झेड बंद होतो?" मी "हो, तसंच" म्हणून पुढे निघाले. ती काही बसेना. त्यांच्याकडे पट्टेदार कोंबडी आणि काळा कोंबडा यांची पिलं आहेत. मोठी झाल्यावर नर सगळे पट्टेदार, माद्या काळ्या. पट्ट्यांचं जनुक झेडवर, म्हणजे नराला आईकडून पट्ट्यांचा झेड, बापाकडून काळा. "एक बंद होत असता तर तो मांजरीसारखा ठिगळाठिगळांचा दिसला असता. आमचा कोंबडा मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखा पट्टेदार आहे."

मी गप्प झाले. शनिवारी पुन्हा तास आहे. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद:
मॅडम, मुलीचं निरीक्षण अगदी बरोबर. कोंबड्यात दोन्ही झेड चालू असतात. अख्खं गुणसूत्र बंद करायची सोय पक्ष्यांत नाही. काही जनुकांपुरता तोल साधला जातो, बऱ्याच जनुकांचं उत्पादन नरात जास्तच राहतं. कुठे कुठे तर ते जास्त असणंच गरजेचं असतं: झेडवरच्या डीएमआरटी१ या जनुकाच्या दोन मात्रा मिळाल्या तरच कोंबड्याच्या गर्भात वृषणं नीट घडतात. फळमाशीची रीत तिसरीच, तिथे नर आपल्या एकुलत्या एक्सकडून दुप्पट काम करून घेतो. सी. एलिगन्स या बारक्या कृमीत उभयलिंगी प्राणी दोन्ही एक्सचं काम निम्म्यावर आणतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार! शनिवारी आधी माझं उत्तर मागे घेते. मग वर्गालाच विचारते, पट्टेदार आईच्या मुली काळ्या कशा निघाल्या.