'ड्राय' वाइनला 'कोरडी' म्हणावं का?

प्रश्न: जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या रिस्लिंग या पांढऱ्या वाइनच्या बाटलीवर 'वेलेनर झोनेनऊर' आणि 'ट्रॉकन' असे शब्द दिसतात. पहिलं बागेचं नाव, दुसऱ्याचा शब्दशः अर्थ 'कोरडं'. मराठीत 'कोरडी पांढरी वाइन' चालेल का? 'सिंगल व्हिनयार्ड' (एकाच बागेतली) आणि 'सेलरिंग'ला (वाइन वर्षानुवर्षं तळघरात ठेवण्याला) काय म्हणावं?

प्रतिसाद: 'कोरडी' नको. जीभच त्या शब्दाला खोटं पाडते. ट्रॉकन रिस्लिंगचा घोट घेतला की आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. तोंड कोरडं पाडते ती टॅनिनवाली (द्राक्षाच्या सालीबियांतल्या तुरट द्रव्याची) रेड वाइन, आणि त्यासाठी आपला 'तुरट' आहेच. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. 'अगोड' म्हणावं. 'बिनसाखरेची'मधून वरून साखर घातली नाही एवढंच कळतं. इथे द्राक्षातलीच साखर यीस्टने जवळजवळ संपवलेली असते. 'फिकी' तर मुळीच नको, तिला चवच नसते.

प्रतिसाद: 'अगोड' पटलं, पण म्हणजे शून्य साखर नव्हे. युरोपीय संघाच्या नियमाने लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. आम्लता भरपूर असेल तर ९ पर्यंत, मात्र साखरेचा आकडा आम्लतेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त वर जायला नको. आम्ल ७ असेल तर साखर ९, त्यापुढे नाही. शॅम्पेनवरचा 'सेक' म्हणजेही 'कोरडं', पण तिथे साखर १७ ते ३२ ग्रॅम! त्याला 'अगोड' म्हणणं सरळ चूक. 'सेक' तसाच ठेवावा.

चाखताना फसवतो तो वास. पीचचा, पिकल्या सफरचंदाचा वास आला की गोडी आहेच असं वाटतं. नाक चिमटीत धरून लहानसा घोट तोंडभर फिरवा. तेव्हाही जाणवते तीच खरी साखर. फ्रिजमधून काढल्याकाढल्या चाखू नका, ४ अंशांना वास दबतो आणि नुसता आंबटपणा पुढे येतो. ८ ते १० अंश बरे.

प्रतिसाद: 'व्हिनयार्ड'ला 'मळा' म्हटलं की भाजीपाला आठवतो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची 'बाग'च म्हणतात, म्हणून 'एकबागी वाइन'. आपल्याकडे शेतांना नावं असतात तशीच ही नावं. 'झोनेनऊर' म्हणजे सूर्यघड्याळ. १८४२ साली बांधलेलं ते घड्याळ त्या उतारावर आजही आहे. जमीन स्लेटची, म्हणजे शाळेतल्या पाटीच्या दगडाची. बागेचं नाव लावायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच लागतात.

प्रतिसाद: सेलरिंगला 'मुरवणे'. 'साठवण' धान्याची; तिथे माल होता तसाच राहावा ही अपेक्षा. इथे तो बदलायला हवा.

प्रतिसाद: लोणचं मुरतं तेव्हा मीठमसाला फोडीत शिरतो. बंद बाटलीत काय शिरणार?

प्रतिसाद: 'मुरलेला गवई' म्हणतो तेव्हा तरी कुठे काय शिरलेलं असतं? काळाने आलेली पक्वता हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. मुरलेल्या रिस्लिंगला रॉकेलसारखा वास येतो. तो तिचा गुण आहे, बाटली टाकून देऊ नका. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र बुचाचा दोष, आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा आला तर आत हवा गेली.

मुरवायला १० ते १३ अंश, अंधार आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं. पुण्यातल्या फ्लॅटच्या माळ्यावर हे जमत नाही. दिवसा तापून वाइन फुगते, बूच ढकलते. रात्री आकसताना हवा आत ओढते. साधा फ्रिज दोन-चार आठवड्यांपुरता ठीक, पुढे कोरड्या हवेत बूच सुकतं. तेवढी सोय नसेल तर वर्षभरात पिऊन टाकणं चांगलं.

प्रतिसाद: एक शब्द राहिला. थंड बाटलीच्या तळाशी पांढरे खडे दिसले की 'साखर बसली' म्हणतात. अगोड वाइनमध्ये साखर कुठून बसणार? ते टार्टारिक आम्लाचे क्षार, चिंचेत असतं तेच आम्ल. त्यांना 'खडे'च म्हणावं, 'गाळ' नको. बाटली तासभर उभी ठेवून हळू ओतली की ते तळाशीच राहतात.