अमेरिकेत गोदाम घ्या म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा (सप्टेंबर 2025)

गोकुळशिरगाव
"चीनमधून गिऱ्हाईक उठलंय, कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी ओहायोत गोदाम घ्यावं, डीडीपी (ड्यूटी भरून दारात पोहोच) भाव द्यावा, पडत्या काळातच हातपाय पसरावेत." ही पोस्ट कालपासून तिसऱ्यांदा आली. लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी ड्यूटी भरली आहे का?

27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावर अमेरिकेत 50 टक्के ड्यूटी लागली. चीनवर तेव्हा 2025 चे नवे 30 आणि बहुतेक इंजिनिअरिंग मालावरचे जुने 25, म्हणजे 55. पाच टक्क्यांसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) कोण हलवतो? नवा पॅटर्न, कोअर बॉक्स, फिक्श्चर, सॅम्पल, पीपॅप (गिऱ्हाइकाची उत्पादन-मंजुरी), यात सहा-आठ महिने सहज जातात. मेक्सिकोचा माल अमेरिकेशी असलेल्या व्यापार करारात बसत असेल आणि स्टीलवरच्या वेगळ्या ड्यूटीच्या यादीत नसेल, तर तो शून्यावर येतो.

डीडीपी म्हणजे ड्यूटी आपल्या खिशातून. वीस फुटी कंटेनरात समजा 40 हजार डॉलरचा मशिनिंग केलेला माल. ड्यूटी 20 हजार, तीही विक्रीच्या आधी. दोन कंटेनर गोदामात, तीन पाण्यावर धरा. 2 लाखांचा माल आणि 40 हजारांची ड्यूटी अडकली. त्यावर 90 दिवसांची उधारी. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज पोस्टवाला भरणार आहे का?

न्हावाशेवा_सीएचए
सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट म्हणून सांगतो: राग बरोबर, हिशेब अर्धा. बॉन्डेड गोदाम नावाची चीज असते. माल 5 वर्षांपर्यंत ठेवता येतो, ड्यूटी बाहेर काढताना, त्या दिवशीच्या दरानं. उद्या दर उतरला तर फायदा तुमचा. फॉरेन ट्रेड झोनशी मात्र गल्लत करू नका, या नव्या शुल्कांना तिथे माल आत गेला त्या दिवशीचा दर चिकटतो.

दुसरं. अमेरिकेत ड्यूटी एफओबी किमतीवर (जहाजावर चढेपर्यंतची) लागते, आपल्यासारखी सीआयएफवर (भाडं-विमा धरून) नाही. डीडीपी इनव्हॉइसवर समुद्राचं भाडं आणि ड्यूटी वेगळ्या ओळीत दाखवा. एकच गोल आकडा टाकणारे ड्यूटीवर ड्यूटी भरतात आणि मग इथे येऊन सरकारला शिव्या घालतात.

गोकुळशिरगाव
आणि कस्टम्स बाँड, म्हणजे ड्यूटीची हमी? तो विसरलात की सोयीनं गाळलात? किमान 50 हजार डॉलर किंवा वर्षभराच्या ड्यूटीच्या 10 टक्के, जे जास्त ते. वर्षाला असे 40 कंटेनर म्हणजे 8 लाखांची ड्यूटी, 80 हजारांचा बाँड. परदेशी आयातदार दिसला की जामीन कंपनी बऱ्याचदा तारण मागते. दर वाढला की बाँड अपुरा पडल्याची नोटीस येते.

मिशिगनकर
खरेदीवाल्याच्या खुर्चीतून बघा जरा. न्हावा शेव्याहून ईस्ट कोस्टला येणारी बरीच जहाजं 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, 10 ते 14 दिवस जास्त. लाइन बंद पडण्यापेक्षा त्याला दोन रुपये जास्त परवडतात. ट्रकच्या अंतरावर साठा नसेल तर कोटेशन उघडतच नाही कुणी. गोदाम ही चैन नाही, आत शिरायचं तिकीट आहे.

वजनाचंही ऐका. कागलहून वीस फुटीत 24-25 टन कोंबायची सवय असेल तर सोडा. इथे ट्रक, चॅसिस, कंटेनर, माल सगळं मिळून 80 हजार पौंड, म्हणजे सुमारे 36.3 टन. साध्या चॅसिसवर माल 17 टनांच्या आसपासच बसतो. त्यापुढे तीन अ‍ॅक्सलचं चॅसिस, त्याचं भाडं वेगळं, नाहीतर बंदरावरच माल उतरवून दोन गाड्या.

कोअरशॉप
तुम्ही ड्यूटीवर भांडा. सहा महिने गोदामात पडलेल्या सीआय (बिडाच्या) जॉबला गंज चढेल त्याचं काय? मशिन केलेल्या फेसवर तांबूस ठिपका दिसला की अख्खा लॉट सॉर्टिंगला, तासाचे डॉलर तुमच्या नावावर.

गोकुळशिरगाव
व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारी) पिशवी वापरा की. एवढं काय त्यात.

कोअरशॉप
"एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांचाच माल गंजतो! व्हीसीआयची वाफ बंद पिशवीतच काम करते. जॉबच्या कोपऱ्यानं पिशवी फाटली किंवा तोंड नुसतं दुमडलं की ती पाच रुपयांची प्लास्टिक पिशवी. वॉशिंगमधून गरम निघालेला जॉब लगेच पॅक केला तर ओल आतच कोंडते, आधी शेडच्या तापमानाला येऊ द्या. कूलंट पातळ झालं तर मशीनवरच गंजाची सुरुवात होते. कूलंटचा दाटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर टेबलाच्या खणात ठेवायची वस्तू नाही. आणि हातमोजे! अंगठ्याचा ठसा महिनाभरानं तसाच्या तसा उमटतो.

न्हावाशेवा_सीएचए
पॅलेटवर आयएसपीएम 15 चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असला की बास, लाकूड ट्रीट केलेलं असतं.

कोअरशॉप
साहेब, कागद तुमचे, लाकूड आमचं. तो शिक्का किडीसाठी आहे. गाभ्यात 56 अंश, 30 मिनिटं. त्यात लाकूड वाळतच असं नाही. शिक्का मारलेलं ओलं लाकूड आषाढात शिरोलीच्या शेडमध्ये पडून असतं, तेच कंटेनरात जातं. दिवसा तापलं की पाणी सोडतं, रात्री छत गार झालं की तेच पाणी मालावर टपकतं. मॉइश्चर मीटर लावा, 20 टक्क्यांच्या वर असेल तर पॅलेट परत. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा, पण खाली पाणी धरणारी ट्रे हवी.

मिशिगनकर
तेल का लावत नाही सरळ?

कोअरशॉप
तुमचाच गिऱ्हाईक "असेंब्लीला कोरडा जॉब द्या" म्हणतो म्हणून!

उधारीग्रस्त
इथे आयकर कायद्यात 43बी(एच) आलं, सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांपलीकडे थकवले तर माल घेणाऱ्याला त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. ओहायोतल्या गिऱ्हाइकाला हे कलम कोण वाचून दाखवणार? ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा काढा आधी, गोदाम मग.

गोकुळशिरगाव
बॉन्डेडचा मुद्दा मान्य, सीएचए साहेब, मानाचा नारळ पाठवतो. दोन चालू आयटम, वर्षाची लेखी शेड्यूल, आयातदार गिऱ्हाईक स्वतः, ड्यूटी त्याची, आणि पॅटर्नचे पैसे आगाऊ. एवढं गिऱ्हाईक देत असेल तर गोदामाचं भाडं निम्मं निम्मं. बाकी 'हातपाय पसरा' वाल्यांनी आधी आपला सातबारा बँकेत ठेवून दाखवावा.

कोअरशॉप
आणि मॉइश्चर मीटर?

गोकुळशिरगाव
घेतो रे बाबा.