भाऊ पिऊन मुलांना गाडीतून घेऊन निघाला, मी पोलिसांना फोन केला. चुकलं का माझं?

पिंपळपान
तीन आठवडे झाले, माहेरचं कुणी माझ्याशी बोलत नाही. म्हणून इथे विचारते आहे.

घरच्या एका कार्यक्रमातून भाऊ निघाला. तो किती प्यायलाय हे सगळ्यांना दिसत होतं. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची भाची आणि पाच वर्षांचा भाचा. मी किल्ली मागितली तर म्हणाला, "ताई, प्यायलो की मी उलट जास्त सांभाळून चालवतो." वहिनी मान खाली घालून पुढे जाऊन बसली. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मी पोलिसांना गाडीचा नंबर आणि रस्ता सांगितला. थोड्याच अंतरावर त्याला अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त. लायसन्स जप्त झालं, केस उभी राहिली.

आमचे बाबाही प्यायचे. कुलपात किल्ली पहिल्या झटक्यात गेली की आम्ही जेवायला बसायचो. दोन-तीनदा खरवडली की दप्तरं उचलून आतल्या खोलीत. गाडीत हाच भाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि मी त्याच्या डोळ्यांवर हात धरायची, समोरून येणारे दिवे त्याला दिसू नयेत म्हणून. वाऱ्याने उतरते असं बाबांना वाटायचं, म्हणून सगळ्या काचा खाली. मी रस्त्यावरची पांढरी रेघ बघत राहायची. चाक रेघेवर गेलं की शाळेतलं काहीबाही मोठमोठ्याने सांगायला लागायची, बाबा जागे राहावेत म्हणून. गाडी आपणच चालवतोय असं मला खरंच वाटायचं. आठ वर्षांची होते मी.

ज्याचे डोळे झाकले तोच आता स्टिअरिंगवर बसलाय. मी काय करायला हवं होतं?

काठावरचा
ताई, तुमचा त्रास कळतो. तरीही मी असहमत आहे आणि ते स्पष्टच लिहितो.

दोन लहान मुलांनी आपल्या बापाला रस्त्याच्या कडेला पोलिसांसमोर उभं राहिलेलं पाहिलं. हे त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी जाणार आहे? व्यसन हा आजार आहे असं आपणच म्हणतो ना? मग आजारी माणसाला कुणी पोलिसांच्या ताब्यात देतं का? गाडीसमोर उभं राहायचं, चाकातली हवा सोडायची, मुलांना उतरवून घ्यायचं. फोन हा अगदी शेवटचा उपाय असतो. तुम्ही पाच मिनिटांत तिथवर पोहोचलात. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाची तक्रार केली की तो त्या घरात पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वासाशिवाय कुणाची दारू सुटलेली मी पाहिलेली नाही.

पिंपळपान
मुलांना उतरवायला गेले होते. त्याने दारं आतून लॉक केली. काचेतून भाची माझ्याकडे बघत होती आणि तिने धाकट्याच्या सीटबेल्टचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

सांजवेळ
मी तुमच्या वहिनीच्या जागी बारा वर्षं काढली आहेत, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. "खाली मान घालून पुढे बसली" हे वाचून पोटात कालवलं. ती का बसली माहितेय? ती बसली नसती तरी तो मुलांना घेऊन गेलाच असता. निदान ती शेजारी असली तर वळणावर हात तरी घालू शकते. मी असा हात घातलाय, दोनदा.

पोलीस येतात आणि जातात. लायसन्स गेलं, नोकरीवर गदा आली, की तो सगळा राग रात्री घरात उतरतो, आणि तेव्हा फोन करणारी नणंद तिथे नसते. फोन करू नये असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर तुम्ही वहिनीला आणि मुलांना आपल्या घरी आणलंत का? की फोन ठेवला आणि झोपलात?

पिंपळपान
आणलं नाही. हे माझं चुकलं, मान्य आहे.

रसायन
"प्यायलो की सांभाळून चालवतो" या वाक्याबद्दल लिहायलाच हवं. दारू मेंदूच्या ज्या भागावर आधी काम करते, तो भाग आपला अंदाज आणि संयम सांभाळतो. म्हणजे चुका वाढतात आणि त्या आपल्याला दिसेनाशाही होतात. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. घात तिथेच आहे.

दुसरं, यकृत आपल्या गतीनेच दारू फोडतं. साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. कॉफी, गार पाणी, उघड्या काचा, उलटी, कशानेच हा वेग वाढत नाही. रात्री बाराला रक्तात १५० असेल तर सकाळी सातला साधारण ४५ उरते. भारतात मर्यादा ३० आहे, स्वीडनमध्ये २०. म्हणजे रात्रभर झोपून, आंघोळ करून, मुलांना शाळेत सोडायला निघालेला बापही प्यायलेलाच असू शकतो. रात्रीचं सगळे बघतात, त्या सकाळच्या फेरीकडे कुणाचं लक्ष नसतं.

आजचा_दिवस
मी तो बाप आहे. सहा वर्षं झाली, प्यायलेलो नाही.

काठावरचा, तुमचं मन चांगलं आहे, पण विश्वासाने माझी दारू सुटली नाही. विश्वासावरच तर मी प्यायचो. बायको ऑफिसात "त्यांना ताप आहे" म्हणून कळवायची, आई पैसे द्यायची, मित्र गाडी घरापर्यंत आणून लावायचे. सगळ्यांचं प्रेम होतं आणि त्या प्रेमाच्या आडोशाला मी आरामात होतो. एका रात्री पोलिसांनी अडवलं, मुलगा मागे होता. मशीन हातात धरलेल्या माणसाने मागे वाकून बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "याचं वय किती?" मला पटकन सांगता आलं नाही. सात की आठ, ते आठवेना.

पण पिंपळपान ताई, तुम्हालाही एक सांगतो. लायसन्स जाणं म्हणजे उपचार नव्हे. लायसन्स नसताना मी चार महिने गाडी चालवली आहे. सुटली ती डॉक्टर आणि ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगमुळे. आणि घरात कोंडून "आजपासून बंद" असं कृपा करून कुणी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

काठावरचा
आजचा_दिवस, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. "प्रेमाच्या आडोशाला" हे लागलं, कारण मीही माझ्या मेहुण्याची गाडी अशीच घरी आणून लावतो. पण तुमच्या बाबतीत एका धक्क्याने माणूस जागा झाला. सगळ्यांचं तसं होत नाही. काहीजण त्या अपमानाचंच निमित्त करून दुप्पट पितात. मोठ्यांचं एक वेळ सोडा, पण मुलांसमोर हे होऊ नये, यावर मी ठाम आहे.

मधली_सुट्टी
मी अशा मुलांसोबत काम करते. "मुलांसमोर होऊ नये" यात गडबड आहे. मुलांसमोर ते कधीचंच घडत असतं. अपमान झाला तो त्या रात्री बापाचा, मुलांची भीती त्याच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्क राज्यात २००९ साली कायदा झाला: सोळा वर्षांखालचं मूल गाडीत असताना पिऊन चालवलं, तर पहिल्याच वेळेला गंभीर गुन्हा. मला तो पटतो.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. पिंपळपान, तुम्ही आठव्या वर्षी बाबांना जागं ठेवायचं काम अंगावर घेतलंत. तुमची भाची आज सीटबेल्ट धरून तेच करते आहे. अशी मुलं घरात शहाणी म्हणून कौतुकाची होतात, अभ्यासात पहिली येतात, आणि पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. "बाबा प्यायले असले तर गाडीत बसू नकोस" एवढंच त्यांना सांगून भागत नाही, कारण नाही म्हणण्याची ताकद त्यांच्याकडे नसते. त्यांना एक मोठा माणूस लागतो, रात्री कितीही वाजता फोन लावला तरी "का?" न विचारता येणारा. त्याचा नंबर पाठ असावा, मोबाइलवर भरवसा नको. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडावं लागतं: हे तुझ्यामुळे होत नाही, आणि थांबवणं तुझं काम नाही. व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ पासून. तिथे सगळ्यात आधी हेच शिकवतात.

भाचीशी कुणी बोललंय का?

सांजवेळ
हाच प्रश्न. मोठ्यांची भांडणं इथे खूप झाली.

पिंपळपान
काल रात्री वहिनीच्या फोनवरून तिनेच फोन केला. हळू आवाजात. म्हणाली, "आत्या, मी त्या दिवशी तुला विचारलं ना, तुझ्याकडे झोपू का, म्हणून पोलीस आले का?"

तीन आठवडे ती हे मनात धरून होती. घरात सगळे मी फोन केला यावर भांडतायत आणि ही समजून बसली की तिच्यामुळे झालं. मी सांगितलं, फोन मी केला, माझ्या मनाने केला, तू विचारलं नसतंस तरी केला असता. ती गप्प. मग म्हणाली, "मग मी नव्हते असं बाबांना सांगू?"

मी म्हटलं, तू नको, मी येऊन सांगते. शनिवारी जाते आहे. दार उघडतील की नाही माहीत नाही. माझा नंबर तिने आधीच पाठ केलेला होता, मला म्हणून दाखवला.