मदत हवी आहे : ड जीवनसत्त्व असलं की एचआयव्ही लागत नाही, हे कितपत खरं?

नमस्कार. मी निपाणी भागातला. आयडी मुद्दाम नवीन काढलाय, गाव विचारू नका. इकडं या गल्लीत कुणी शिंकलं की त्या गल्लीत काढा उकळतो.

माझे दाजी सहा वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांवर आहेत. आक्काची तपासणी दर सहा महिन्यांनी होते, दर वेळी निगेटिव्ह. आमचा एक पावणा मेडिकल दुकानात कामाला आहे. तो म्हणाला, "ती दिवसभर तंबाखूच्या रानात. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व साठतंय, म्हणून तिला काही होत नाही." (रानात आक्काच्या अंगावर साडीवर दाजींचा फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला गच्च टॉवेल असतो. ऊन लागलंच तर नाकाला.) तेव्हापासून ती दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेते. चार महिने झाले. आता म्हणते, तपासणीला जाऊन हजेरी कशाला बुडवू?

मी थोडं शोधलं. ड जीवनसत्त्व मिळालं की पांढऱ्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं द्रव्य तयार करतात म्हणे. आणि २०१३ साली कोलंबियातल्या संशोधकांना, विषाणूशी संबंध येऊनही लागण न झालेल्या लोकांत ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरचं (पेशीत ते पकडणाऱ्या प्रथिनाचं) प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे पावण्याचं खरं धरायचं का? दाजीही सकाळी उपाशीपोटी एआरटीची गोळी आणि कॅल्शियम-डी३ एकाच घोटात घेतात. चालतं का?

प्रतिसाद १
मी बेळगावात नर्स आहे. त्या लोकांत रिसेप्टर जास्त दिसला, इतकंच. पुडी दिल्यानं लागण थांबते असं त्यातून निघत नाही. जन्मजात प्रतिकार पक्का ठाऊक आहे तो सीसीआर५ जनुकातल्या बदलाचा. तो आईवडील दोघांकडून यावा लागतो आणि मुख्यतः उत्तर युरोपातल्या लोकांत सापडतो.
तुमच्या आक्काचं श्रेय बहुधा दाजींच्या गोळीला आहे. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण विचारा. तो टिकून न सापडण्याइतका कमी असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण तिची तपासणी सोडू नका.
६०,००० ची पुडी आठवड्याला एक, ती साधारण आठ आठवडे देतात. चार महिने स्वतःच्या मनानं म्हणजे अतीच. आता थांबवा. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.
दाजींच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असणार. उपाशीपोटी कॅल्शियम सोबत घेतलं की ते औषध नीट शोषलं जात नाही. गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. एआरटी सेंटरवर सांगून ठेवा.

प्रतिसाद २
पूर्वी दाजींना इफाविरेन्झ नावाचं एचआयव्हीचं औषध होतं का? त्यानं ड जीवनसत्त्व कमी होतं. तपासायचंच तर त्यांचं तपासा! आणि सेंटरला जाणं जमत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे.

धागाकर्ता
दाजींची फाईल पत्र्याच्या पेटीतून काढली. मागच्या कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय, म्हणजे विषाणू सापडला नाही. आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं. सोमवारी आक्काला घेऊन जातोय. ती विचारते, उरलेल्या तीन पुड्या पावणा परत घेईल का?